एसपीएफ ‘बूस्टर’ आणि क्युवेटमध्ये विरघळलेला पुरावा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधताय, किंवा पीएच.डी.साठी विषय चाचपताय, आणि डोक्यात ‘हर्बल सनस्क्रीन’ घोळतंय? मग आजची पोस्ट तुमच्यासाठी आहे. विषय दिसायला सोपा आहे. एखादी वनस्पती घ्यायची, अर्क काढायचा, तो क्रीममध्ये घालायचा, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर सात रीडिंग घ्यायची, ती एका सूत्रात बसवायची. मग निष्कर्ष लिहायचा की अर्कामुळे सनस्क्रीनचा एसपीएफ वाढला, म्हणजे हा अर्क ‘एसपीएफ बूस्टर’ आहे. दोन महिन्यांत काम हातावेगळं.

मी हेच केलं होतं, म्हणून हे लिहायचा मला थोडाफार अधिकार आहे असं समजते. आज मला असं वाटतं की या पद्धतीनं लिहिलेले बहुतेक पेपर बूस्टर मोजतच नाहीत. ते मोजूच शकत नाहीत, कारण बूस्टर जिथं काम करतो ती जागाच आपण मोजण्याआधी नष्ट करतो. कशी, ते सांगते. जरा सावकाश जाऊ.

आधी बूस्टर म्हणजे काय ते बघू. सनस्क्रीनमध्ये अतिनील किरण अडवणारे जे मान्यताप्राप्त घटक असतात त्यांना फिल्टर म्हणतात. ते किती घालायचे याला कायद्यानं मर्यादा आहे. अमेरिकेत ऑक्टिसॅलेट ५ टक्क्यांपर्यंत, होमोसॅलेट १५ टक्क्यांपर्यंत. शिवाय फिल्टर वाढवत गेलं की क्रीम चिकट होतं, आणि झिंक ऑक्साइड वाढवलं तर चेहरा पिठाच्या डब्यात घालून आल्यासारखा दिसतो. म्हणून उत्पादकांना असं काहीतरी हवं असतं जे स्वतः फिल्टर नाही, पण आहे त्या फिल्टरकडून जास्त काम करून घेईल. पीठ तेवढंच, भाकरी मोठी. बूस्टर म्हणजे एवढंच.

हे काम निरनिराळ्या वाटांनी होतं. एक वाट फिल्टरला जगवण्याची. अ‍ॅव्होबेन्झोन हा यूव्ही-ए अडवणारा नावाजलेला फिल्टर, पण उन्हातच तो तुटतो. ऑक्टिनॉक्सेटच्या सोबतीत तर दोघंही एकमेकांशी प्रक्रिया करून संपत जातात. ऑक्टोक्रिलीन सोबत असेल तर ते अ‍ॅव्होबेन्झोनच्या उत्तेजित रेणूकडून ऊर्जा काढून घेतं आणि त्याला तुटण्यापासून वाचवतं. ऑक्टोक्रिलीन स्वतः फिल्टरही आहे. पण डायएथिलहेक्झिल नॅफ्थॅलेटसारखे पदार्थ मुख्यतः या राखणदारीसाठीच घातले जातात.

दुसरी वाट प्रकाशाला लांबच्या रस्त्यानं फिरवण्याची, आणि ही मला सगळ्यात देखणी वाटते. स्टायरीन-अ‍ॅक्रिलेट कोपॉलिमरचे पोकळ गोळे असतात, मायक्रोमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढे. बाटलीत असताना त्यांच्या पोटात पाणी असतं. क्रीम त्वचेवर पसरून वाळलं की पाणी निघून जातं आणि पोटात हवा राहते. बाहेर पॉलिमर आणि आत हवा, म्हणजे अपवर्तनांकात मोठा फरक, म्हणून अतिनील किरण तिथं आदळून विखुरतात. सरळ खाली जाणारा किरण आता थरात नागमोडी फिरतो आणि वाटेत त्याला फिल्टरचे जास्त रेणू भेटतात. गोळा स्वतः शोषत नाही, तो फक्त प्रकाशाला रेंगाळायला लावतो. हे सगळं थर वाळल्यावर होतं, हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे. (युरोपीय संघाच्या २०२३ च्या सूक्ष्मप्लास्टिकविषयक नियमामुळे तिथं अशा गोळ्यांचे दिवस मोजके उरलेत, त्यामुळे पर्यायांचा शोध जोरात आहे. तुम्हाला खरंच नवा विषय हवा असेल तर तो इथं आहे.)

तिसरी वाट थर नीट बसवण्याची. फिल्म-फॉर्मर पॉलिमर, मेणं, तेल-पाणी एकजीव ठेवणारे घटक ही सगळी त्यातलीच मंडळी. यांना पेपरांत फारसा मान मिळत नाही. पण कागद-पेन्सिल घेऊन एक गणित करा, मग बघा.

एसपीएफ ५० म्हणजे लाली आणणाऱ्या किरणांपैकी २ टक्के आत येतात. आता समजा थरात बारीक फटी राहिल्या आणि त्वचेचा ५ टक्के भाग उघडाच राहिला. या ५ टक्क्यांतून सगळा प्रकाश आत येणार. उरलेल्या ९५ टक्क्यांतून त्याचे २ टक्के, म्हणजे १.९. एकूण ६.९ टक्के. शंभराला ६.९ नं भागलं की साधारण साडेचौदा. बाटलीवर ५०, अंगावर साडेचौदा! आता फिल्टर इतका वाढवा की झाकलेल्या भागाचा एसपीएफ १०० होईल. फटी तेवढ्याच ठेवा. उत्तर येतं १६.८. दुप्पट संरक्षणाचा फिल्टर घालून दोन-सव्वादोनाचा फायदा. उलट फिल्टर होता तेवढाच ठेवून फटी निम्म्या केल्या, ५ चे अडीच टक्के केले, तर उत्तर येतं साडेबावीस. भाकरी थापणाऱ्या कुणालाही हे सांगायची गरज नाही. कडेला जाड आणि मध्ये भोक असेल तर पीठ किती घेतलं याला अर्थ नसतो.

तर सनस्क्रीन ही बाटलीतली नव्हे, थरातली गोष्ट आहे. आता आपण ती कशी मोजतो ते बघू.

आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत जी पद्धत वापरतात ती मन्सूर यांची. १९८६ साली ब्राझीलच्या त्वचारोगशास्त्राच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. नमुना अल्कोहोलमध्ये विरळ करायचा, नेहमी मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम. एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये भरायचा. २९० ते ३२० नॅनोमीटरपर्यंत दर ५ नॅनोमीटरला अ‍ॅब्सॉर्बन्स घ्यायचा. प्रत्येक आकड्याला ठरलेल्या वजनानं गुणायचं. ३०५ ला सगळ्यात जास्त ०.३२७८, २९० ला जेमतेम ०.०१५०. सगळ्यांची बेरीज करून १० नं गुणायचं. आला एसपीएफ.

ही सातही वजनं एकदा बेरीज करून बघा. उत्तर १ येतं. म्हणजे हे सूत्र फार काही करत नाही. ते यूव्ही-बी पट्ट्यातला सरासरी अ‍ॅब्सॉर्बन्स काढतं आणि त्याला दहानं गुणतं. हा दहा आला कुठून? ८ टक्के होमोसॅलेट असलेल्या प्रमाण क्रीमचा एसपीएफ ४ यावा म्हणून तो तसा बसवला गेला. एका बिंदूवर बसवलेली सरळ रेषा.

आता क्युवेटमध्ये नुसतं शुद्ध अल्कोहोल ठेवा. अ‍ॅब्सॉर्बन्स शून्य. सूत्रानुसार एसपीएफ शून्य. पण एसपीएफची व्याख्या काय? सनस्क्रीन लावलेल्या त्वचेवर लाली यायला लागणारा डोस भागिले उघड्या त्वचेवर लाली यायला लागणारा डोस. काहीच लावलं नाही तर उत्तर १ यायला हवं. शून्य म्हणजे ऊन पडायच्या आधीच माणूस भाजला! पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच हसत बसले होते. अ‍ॅब्सॉर्बन्स लॉगच्या मापात असतो आणि संरक्षण हे दहाच्या घातात वाढतं. ०.८ अ‍ॅब्सॉर्बन्स म्हणजे १५.८ टक्के प्रकाश पार, म्हणजे संरक्षण साधारण ६.३ पट. सूत्र म्हणतं ८. १.६ अ‍ॅब्सॉर्बन्स म्हणजे संरक्षण जवळपास ४० पट. सूत्र म्हणतं १६. एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी.

वर हेही बघा की ०.२ हा आकडा कुणी पाळतं, कुणी पाळत नाही. नमुना दुप्पट विरळ केला की एसपीएफ निम्मा. ज्या ‘गुणधर्मा’चं उत्तर तुमच्या पिपेटवर अवलंबून असतं तो पदार्थाचा गुणधर्म कसा म्हणायचा?

मन्सूर यांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. ज्ञात फिल्टर असलेल्या ठरावीक क्रीमची झटपट चाळणी म्हणून अशी पद्धत उपयोगी आहे, विशेषतः माणसांवर दर वेळी चाचणी करणं शक्य नसताना. गोंधळ सुरू होतो ती बूस्टर मोजायला वापरली की. कारण अल्कोहोलमध्ये विरळ करताच थर गेला. फिल्म-फॉर्मर विरघळला किंवा खाली बसला. पोकळ गोळ्यांच्या पोटात हवेऐवजी द्रव राहिला, म्हणजे त्यांचं विखुरणंच मंदावलं. प्रकाशस्थैर्य देणाऱ्या घटकाचं तर नावच नको, कारण क्युवेटला ऊन दाखवलेलंच नाही. वर सांगितलेल्या तिन्ही वाटा इथं बंद. मग या पद्धतीत कोणता ‘बूस्टर’ यशस्वी ठरेल? जो स्वतः यूव्ही-बी शोषतो तो, म्हणजे जो फिल्टरच आहे तो. किंवा जो द्रावण गढूळ करतो तो.

या गढूळपणापाशी थोडं थांबू, कारण खोबरेल तेलाच्या सुप्रसिद्ध एसपीएफची गोष्ट माझ्या मते इथंच आहे. २०१० साली ‘फार्माकॉग्नसी रिसर्च’मध्ये रायपूरच्या दोन संशोधकांचा एक पेपर आला. सौंदर्यप्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या तेलांचा एसपीएफ मन्सूर पद्धतीनं काढलेला. ऑलिव्ह आणि खोबरेल साधारण ८, एरंडेल ६ च्या आसपास, बदाम ५ च्या आसपास, तीळ २. तुम्ही हा पेपर वाचला नसला तरी हे आकडे नक्की वाचलेत. ‘खोबरेल हे नैसर्गिक सनस्क्रीन’ असं जिथं जिथं लिहिलेलं असतं, तिथला ८ बऱ्याचदा इथूनच आलेला असतो. आणि या पेपराचा दाखला देऊन ‘तेल हा नैसर्गिक बूस्टर’ असं लिहिणाऱ्यांची रांग मोठी आहे.

पेपर प्रामाणिक आहे, पद्धत उघड लिहिलेली आहे, आणि लेखकांनी याला शोषणक्षमतेची चाळणी म्हटलंय. त्यामुळेच तर त्यावर नेमकं बोट ठेवता येतं. तेलं अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणात विरळ केलीत. आता स्वयंपाकघरात जाऊन खोबरेल तेलाचे दोन थेंब पाण्यात ढवळा. काय होतं? दूधट होतं. अल्कोहोल असलं तरी पाणी आहे तोवर तेल धड विरघळणार नाही, बारीक थेंब तरंगत राहणार. ते थेंब प्रकाश इकडंतिकडं फेकतात. साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचा डिटेक्टर समोर बसलेला असतो. त्याच्यापर्यंत न पोचलेला प्रत्येक किरण त्याच्या लेखी ‘शोषला गेला’. बाजूला गेला की रेणूनं गिळला, हे त्याला कळत नाही. खोबरेल तेल बहुतांशी संपृक्त स्निग्धाम्लांचं ट्रायग्लिसराइड आहे. २९० च्या पुढं शोषायला लागणारी रचना त्यात जवळपास नाहीच. मग तो ८ बहुधा गढूळपणाचा आहे असा माझा कयास. तपासायचं असेल तर अवघड नाही. हेक्झेनसारख्या, तेल पूर्ण विरघळेल अशा द्रावकात तेच मोजायचं, आणि स्कॅन ३२० ला न थांबवता ६०० पर्यंत न्यायचा. रंगहीन तेलानं ६०० ला काहीच दाखवायला नको. दाखवलं, तर ते विखुरणं आहे.

६०० ची ही अक्कल मला पुस्तकातून आलेली नाही. माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये ५ टक्के ऑक्टिनॉक्सेटचं क्रीम होतं आणि त्यात द्राक्षबियांचा अर्क. नाशिककडच्या वाइनरीतून निघणाऱ्या चोथ्याचं काहीतरी करायचं ही कल्पना होती आणि मला ती आजही आवडते. नुसत्या क्रीमचा मन्सूर एसपीएफ आला ८. अर्क घातल्यावर १३. मी डबीवर मार्करनं ‘१३’ लिहिलं. माझी धाकटी बहीण तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होती, सकाळी धावून नंतर उन्हात गोळाफेकीचा सराव. ती डबी तिनं मागून नेली आणि मी दिली. माणसांवर चाचणी न झालेलं क्रीम असं कुणाला देऊ नये, हे मला तेव्हाही माहीत होतं. चौथ्या दिवशी तिचं नाक सोलवटलं होतं आणि मानेवर हात लावू देत नव्हती. “ताई, तुझं तेरा कुठं गेलं?” एवढंच म्हणाली. घरात अजून त्या प्रोजेक्टला ‘तीन-तेरा’ म्हणतात.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी एकच प्रश्न विचारला. “६०० ला किती आलं?” मी मोजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोजलं. अर्काशिवाय ०.०४, अर्कासह ०.३१. म्हणजे ०.५ च्या वाढीतला निम्म्याहून जास्त भाग निव्वळ गढूळपणा. आणि विखुरणं कमी तरंगलांबीला वाढतं, त्यामुळे ३०५ ला तो वाटा याहूनही मोठा असणार. उरलेल्यात अर्कातल्या पॉलीफिनॉलचं थोडं खरं शोषण. बूस्टर कुठंच नव्हता. गुण मात्र बरे मिळाले, त्याचं मला अजून नवल वाटतं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग माणसांवरची चाचणी केली की झालं. थांबा, तिथंही एक खोच आहे, आणि बूस्टरच्या बाबतीत ती जास्त गंभीर आहे.

आंतरराष्ट्रीय पद्धत आयएसओ २४४४४. स्वयंसेवकांच्या पाठीवर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशेबानं क्रीम लावायचं, कृत्रिम सूर्यप्रकाश द्यायचा, आणि १६ ते २४ तासांनी लाली बघायची. इथं थर आहे, त्वचा आहे, सगळं खरं आहे. पण मोजतो काय? लाली. आणि लाली ही धोक्याची घंटा आहे, धोका नव्हे. आता क्रीममध्ये दाह शमवणारा घटक घाला. ज्येष्ठमधातलं ग्लिसिर्‍हेटिनिक आम्ल, बिसाबोलॉल, असं काही. किरण पूर्वीइतकेच आत गेले, पेशीतल्या डीएनएवर पूर्वीइतकेच घाव पडले, पण लाली उशिरा आली. सूत्रात अंश वाढला, एसपीएफ वाढला. घंटेला कापड गुंडाळलं आणि आग कमी झाली असं लिहिलं.

ही कल्पनेतली भीती नाही. इंडोमेथॅसिन हे दाहशामक औषध त्वचेवर लावलं तर सूर्यदाहाची लाली कमी होते, हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. सनस्क्रीनमधल्या दाहशामक घटकांचा प्रश्न फ्रान्समधल्या नांत विद्यापीठाच्या सेलीन कूतो आणि लॉरेन्स क्वाफार यांनी वारंवार मांडलाय. तरीही आपल्याकडं ‘अर्क दाहशामक आहे’ आणि ‘अर्क एसपीएफ वाढवतो’ ही दोन वाक्यं एकाच परिच्छेदात, एकमेकांचा पुरावा असल्यासारखी शेजारी लिहिली जातात. खरं तर पहिलं वाक्य खरं असेल तर दुसऱ्यावर शंका घ्यायला हवी.

मग वनस्पतिजन्य पदार्थांचा उपयोगच नाही का? आहे, पण तो कसा दाखवावा याचा नमुना २००५ चा आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांच्या गटानं १५ टक्के क जीवनसत्त्व आणि १ टक्का ई जीवनसत्त्वाच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातलं. डुकराच्या त्वचेवर संरक्षण चौपटीवरून सुमारे आठपट झालं. पण ते नुसत्या लालीवर थांबले नाहीत. उन्हानं मरणाऱ्या पेशी मोजल्या, डीएनएतले थायमिन डायमर बघितले. म्हणजे घंटाही ऐकली आणि आगही बघितली. आपल्या पेपरांत ही दुसरी मोजणी कुठं असते? डायमरची चाचणी महाग आहे, मान्य. पण मग निष्कर्षही तेवढाच लहान लिहायला हवा ना.

आता ज्याला मी ‘वेषांतर केलेला फिल्टर’ म्हणते त्याच्याबद्दल थोडक्यात. ब्युटाइलऑक्टाइल सॅलिसिलेट हा घटक बऱ्याच नव्या सनस्क्रीनमध्ये दिसेल, अगदी ‘फक्त मिनरल’ म्हणून विकल्या जाणाऱ्यांतही. यादीत तो द्रावक किंवा त्वचा मऊ करणारा म्हणून असतो. त्याची रचना काढा आणि शेजारी ऑक्टिसॅलेट काढा. सॅलिसिलेटचं कडं तेच, फक्त शेपूट लांब. अतिनील किरण शोषण्याचं काम कडं करतं, शेपूट नाही. म्हणजे हाही यूव्ही-बी शोषतो. ऑक्टिसॅलेटला प्रमाणाची मर्यादा आणि ‘सक्रिय घटक’ म्हणून नाव लिहायची सक्ती, याला फिल्टर म्हणून नोंद नाही म्हणून दोन्ही नाही. हा वाईट पदार्थ आहे असं मी म्हणत नाही. पण त्याला बूस्टर म्हणणं म्हणजे पाहुण्याला घरात ठेवून रेशनकार्डावर न दाखवण्यासारखं आहे.

आणि लेबलवरचे आकडे किती सैल असू शकतात याची उदाहरणं फार जुनी नाहीत. २०२० च्या शेवटी एका लोकप्रिय कोरियन सनस्क्रीनचा एसपीएफ ५०+ ऐवजी युरोपातल्या प्रयोगशाळेत १९ च्या आसपास निघाला. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘चॉइस’ या ग्राहकसंस्थेनं २० सनस्क्रीन तपासली, त्यातली १६ लेबलला जागली नाहीत आणि ५०+ लिहिलेल्या एकीचा एसपीएफ ४ आला. चार! जिथं नियमन कडक मानलं जातं तिथली ही अवस्था.

आपल्या त्वचेचा मुद्दा राहिलाच. आयएसओ चाचणीसाठी घेतले जाणारे स्वयंसेवक गोऱ्या त्वचेचे, फिट्झपॅट्रिक वर्गवारीत साधारण एक ते तीन प्रकारचे. आपल्यापैकी बहुतेक चार-पाच. आपली मोठी तक्रार लालीची नसून काळवंडण्याची, वांगाची असते. त्यात दृश्य प्रकाशाचाही हात आहे, आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइडसारखे रंगीत घटक लागतात. एसपीएफच्या आकड्यात ते दिसतसुद्धा नाही. यावर वेगळं लिहीन, पण विषय शोधणाऱ्यांनी कान टवकारावेत.

शेवटी कामाचं. गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरनं विचारलं, “ताई, माझा प्रोजेक्ट रजिस्टर झालाय, अर्क काढून झालाय, कॉलेजात साधा यूव्हीच आहे. आता काय करू?” तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. शीर्षकातून ‘एसपीएफ’ काढ आणि ‘अतिनील शोषण’ घाल. सूत्र वापरायचंच असेल तर त्याच्याआधी मूळ अ‍ॅब्सॉर्बन्सचा तक्ता दे, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः हिशेब करता येईल. नमुने चार हवेत. कोरं क्रीम, फिल्टरचं क्रीम, अर्काचं क्रीम आणि दोन्हीचं क्रीम. चौथ्याचा अ‍ॅब्सॉर्बन्स दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या बेरजेएवढाच आला (कोऱ्याचा वजा करून), तर अर्क फिल्टरसारखा वागतोय, बूस्टरसारखा नाही, आणि तसंच लिही. बेरजेहून जास्त आला तरच पुढं बोलता येईल, तेही गढूळपणा तपासून. स्कॅन ६०० पर्यंत ने. आणि क्युवेट अर्धा-एक तास उन्हात ठेवून पुन्हा मोज, कारण द्रावणात का होईना, फिल्टर टिकतो का एवढं तरी कळेल.

थरावर मोजायचं असेल तर डिफी आणि रॉबसन यांनी १९८९ सालीच रस्ता दाखवलाय. ट्रान्सपोर टेपवर क्रीम पसरायचं आणि २९० ते ४०० पर्यंत किती प्रकाश पार जातो ते बघायचं. टेप कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते. अडचण इंटिग्रेटिंग स्फिअरची आहे, म्हणजे विखुरलेला प्रकाशही गोळा करून मोजणाऱ्या जोडणीची. ती तुमच्या विभागात नसेल, पण विद्यापीठाच्या सामायिक उपकरण केंद्रात बहुधा असते, आणि तासाच्या दरानं वेळ मिळतो. तिथल्या तंत्रज्ञाला आधी फोन करा. “तेलकट नमुना आहे” हे आधीच सांगा, नाहीतर दारातूनच परत पाठवतील. मला पाठवलं होतं.

ज्युनिअरनं शीर्षक बदललं. तिच्या मार्गदर्शकांना ते फारसं रुचलं नाही, “एसपीएफ लिहिलं की लोक वाचतात” असं त्यांचं म्हणणं. तिचे चार नमुने मी काल पाहिले. बेरीज जवळपास तंतोतंत जुळते.